भाकरीची राखण

चारचौघांत श्यामला भिंगारदिवेचं जेवण म्हणजे चिमणीचं. कुवेतमधल्या मराठी चर्चच्या मंडळीत शुक्रवारच्या उपासनेनंतर हॉलमध्ये प्रीतिभोजन असायचं. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ यायचा, मटणाचा रस्सा, पुलाव, कुणाचं तरी भरलं वांगं, आणि श्यामला कागदी थाळीत चमचाभर भात घेऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसायची. कुणी आग्रह केला की म्हणायची, "नको गं, मला थायरॉईड आहे." बायका हळहळायच्या. बिचारी काही खात नाही, तरी अंग सुटतच चाललंय, काय मेलं हे दुखणं! आता खोटं कशाला सांगायचं, थायरॉईडची तपासणी तिने एकदा केली होती आणि तो अगदी ठणठणीत निघाला होता. पण हे तिला आणि त्या लॅबवाल्यालाच ठाऊक.

खायची ती दुपारी. मंगफ भागातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून नवरा विजयकुमार उजाडताच कंपनीच्या बसने रिफायनरीत जायचा. तिथं तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. पोरगी मुक्ता शाळेत. मग घरात श्यामला, एसीची घरघर आणि स्वयंपाकघराचा ओटा. ती उभ्यानेच खायची. बसून खाल्लं तर ते जेवण, उभ्याने खाल्लं तर मोजायचं नाही, असा तिने स्वतःपुरता एक कायदा केला होता. रात्रीचा उरलेला पुलाव, मग लोणी-साखर लावलेला खबूस, म्हणजे तिकडची रोटी, मग खजूर, मग जालन्याहून आलेला चिवडा, शेवटी मुक्ताच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटं. चव कळायची ती पहिल्या चार घासांची. पुढचं सगळं नुसतं हात आणि तोंड. पोट दुखायला लागलं की थांबायची. मग वेष्टनं काळ्या पिशवीत बांधून पलीकडच्या इमारतीच्या कचरापेटीत टाकून यायची, जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून, तेवढीच बिस्किटं आणून डब्यात भरायची आणि ओटा पुसायची. संध्याकाळी मुक्ता डबा उघडायची तेव्हा तो भरलेलाच असायचा.

हे काही जन्मापासूनचं नव्हे. जालन्यात मिशनच्या शाळेत ती बालवर्गाला शिकवायची तेव्हा मधल्या सुट्टीत अर्धी पोळी खाऊन पोरांच्या मागं पळत असे. लग्न झालं, मुक्ता झाली आणि विजयकुमारने तिला फॅमिली व्हिसावर कुवेतला आणलं. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. नवरा चांगला, घर चांगलं, दुपार मात्र लांबलचक. थोडंफार तोंडात टाकत राहायची सवय तेव्हाच लागली. मग कोरोना आला, विमानं बंद झाली आणि त्यातच तिची आई गेली. आईची माती तिने मोबाईलवर पाहिली. भावाचा हात हलत होता, म्हणून खड्डा नीट दिसत नव्हता. शेजारणीने दुःखाचं घर म्हणून आणून दिलेला केक त्या दुपारी तिने एकटीने संपवला, आणि तो संपेपर्यंत तिला काहीच वाटलं नाही. तिथून पुढं तेच चक्र. आईची आठवण आली की खायची, खाल्लं की लाज वाटायची, आणि लाज वाटली की पुन्हा खायची.

देवापाशी ती भीक मागत नव्हती असं नाही. रोज मागत होती. शिवाय उपास करत होती, आणि इथंच सगळी गंमत आहे. मंडळीत कुणी आजारी असो, कुणाची नोकरी जाऊ घातलेली असो, उपास-प्रार्थनेला पहिलं नाव श्यामलाताईचं. वधस्तंभाच्या शुक्रवाराआधीचे, म्हणजे गुड फ्रायडेआधीचे, चाळीस दिवस ती दिवसभर पाण्यावर काढायची. लोक म्हणायचे, उपास करावा तर श्यामलाताईने! आणि सूर्य बुडाला की तीच श्यामलाताई खाली वाकता येणार नाही इतकं खायची. दिवसभराची रिकामी आतडी आणि संध्याकाळचा भरलेला फ्रिज, दुसरं काय होणार? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. विचारलं कुणी नाही आणि तिने सांगितलं नाही.

अशातच प्रभुभोजनाची भाकर भाजणाऱ्या मालनबाई निवृत्त होऊन मिरजेला परत गेल्या आणि जाताना ते काम श्यामलाच्या हाती देऊन गेल्या. भाकर म्हणजे ज्वारीची नव्हे. मैदा, दूध, थोडं लोणी, चिमूटभर साखर, यीस्ट, आणि ओव्हनमध्ये भाजलेला गोल, मऊ पाव. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून पाळक ती भाकर सगळ्यांसमोर मोडतात, तिचे तुकडे ताटलीत फिरतात, आणि प्रत्येकजण एकेक तुकडा उचलतो. श्यामलाला या कामाचं केवढं अप्रूप! एरवी आठवडाभर तिला स्वतःच्या हातांची किळस यायची. त्या एका सकाळी यायची नाही. हात कोपरापर्यंत धुऊन, डोक्याला रुमाल बांधून, जुनं गीत गुणगुणत ती कणीक मळायची. आपण अगदीच वाया गेलेलो नाही, असं तिला महिन्यातून तेवढं एकदाच वाटायचं. हे काम हातून गेलं असतं तर तिच्यापाशी काही उरलं नसतं.

आणि घात झाला तो याच भाकरीपाशी.

त्या शुक्रवारी विजयकुमार शटडाऊनच्या ड्युटीवर होता. मुक्ता मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर खैरानला समुद्रावर गेलेली. प्रभुभोजनाआधी काही खायचं नाही, हा मंडळीतल्या जुन्या माणसांचा शिरस्ता, आणि श्यामला तर त्यात सगळ्यांच्या पुढं. म्हणजे बाई सकाळपासून उपाशी, घरात एकटी, आणि ओव्हनमधून लोण्या-दुधाचा वास. भाकर बाहेर काढली तर एका बाजूला थोडी जास्त फुगलेली. तिला वाटलं, एवढा फुगवटा सुरीने काढावा, म्हणजे नीट गोल दिसेल. काढला आणि तोंडात टाकला. मग दुसरी बाजू मोठी दिसायला लागली. ती सारखी केली. मग पहिली. अशी ती भाकर सारखी करत करत निम्म्यावर आली, तेव्हा तिला कळलं की आता ही कुणासमोर ठेवता येणार नाही. कळल्यावर थांबायला हवं होतं. पण आता नासलीच आहे म्हणत तिने उरलेली अर्धीही खाल्ली, घाईघाईने, जणू कुणी हिसकावून घेणार होतं. मग ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. तिला स्वतःची इतकी भीती पूर्वी कधी वाटली नव्हती.

नवी मळायला वेळ नव्हता. मंडळीला हॉल मिळायचा दीड ते तीन. आधी मल्याळी, नंतर फिलिपिनो, दहा मिनिटं उशीर झाला की पुढचे लोक गिटार घेऊन दारात उभे. ती पर्स घेऊन खाली धावली तर बकाल्याचं, कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानाचं, शटर बंद. शुक्रवारची दुपार, नमाजाची वेळ! भर उन्हात ती शटरसमोर उभी राहिली. दुकानदार सर्फराज मशिदीतून सावकाश चालत आला, शटर वर केलं आणि म्हणाला, "भाभी, इतनी धूप में? फोन कर देते." तिने पाकिटातला स्लाइस ब्रेड घेतला, घरी येऊन कडा कापल्या, तुकडे केले, पांढऱ्या कापडाखाली झाकले. चर्चमध्ये पाळकांना सांगितलं की ओव्हन बिघडला.

पाळक जयदीप हा तरुण माणूस, आठवडाभर एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आणि शुक्रवारी पाळक. त्याचं प्रवचनसुद्धा कामगारांना सकाळी सुरक्षेचे धडे द्यावेत तसं असायचं. "असू दे ताई," तो म्हणाला. उपासना झाली, ताटली फिरत फिरत श्यामलापर्यंत आली, आणि तुकडा न उचलता तिने ती पुढं सरकवली. तिचं धाडसच झालं नाही. पोटात एक भाकर आणि ओठावर एक थाप घेऊन आता वर प्रभूच्या मेजावरचाही तुकडा घ्यायचा?

आता या मंडळीत ताटली पुढं सरकवणं ही काही साधी गोष्ट नाही. ज्याचं कुणाशी वाकडं आहे आणि ज्याने ते मिटवलेलं नाही, त्याने तुकडा घ्यायचा नाही, अशी रीत. तेव्हा ज्यांनी पाहिलं त्या सगळ्यांनी एकच अर्थ काढला: भिंगारदिव्यांच्या घरात नवरा-बायकोचं बिनसलंय. फिंतासपासून मंगफपर्यंत फोन फिरले. दोन दिवसांनी संध्याकाळी जयदीप आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडिलांमधले सगळ्यांत ज्येष्ठ, राजाभाऊ, समेट घडवायला घरी हजर. राजाभाऊ म्हणजे साठीला टेकलेला, परातीएवढ्या पंजांचा माणूस. सगळी हयात टाक्या आणि पाइपांच्या कामावर सुपरवायझर म्हणून गेली, आवाज तसाच. शास्त्रवाचन झालं, प्रार्थना झाली, मग त्यांनी विजयकुमारकडे रोखून पाहिलं.

"विजयभाऊ, घरातल्या माणसाचं मन दुखावलं असेल तर माफी मागायला कमीपणा नसतो."

विजयकुमार गोंधळला. पण मोठी माणसं घरी चालून आलेली, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं धरून त्याने बायकोकडे वळून हात जोडले. "श्यामल, माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा कर." आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा असा. श्यामलाने तेव्हा बोलायला हवं होतं. तिने मान खाली घातली आणि उठून खिम्याचे पॅटिस तळायला घेतले. पाहुणे गेल्यावर उरलेले सगळे उभ्या उभ्या संपवले.

एकीला मात्र हा समेट पटला नाही. चारुशीला पाटोळे त्या शुक्रवारी तिच्या शेजारीच बसलेली. मोठ्या हॉस्पिटलात नर्स, बोलायला फटकळ. ती एका सकाळी ड्युटीवरून सरळ आली आणि सोफ्यावर बसत म्हणाली, "ताटली तू सरकवलीस आणि माफी विजयभाऊंनी मागितली. बरा आहे की हा न्याय! आता मला खरं सांगू नको, आपली तेवढी ओळख नाही. मंगळवारी माझ्या घरी ये."

मंगळवारी फिंतासला चारुशीलाच्या घरी पाच-सहा बाया जमायच्या. वेगवेगळ्या भाषांच्या, म्हणून बोलणं हिंदीत. सगळ्या ख्रिस्ती, आणि प्रत्येकीला काहीतरी सुटत नव्हतं. चारुशीलाचं पूर्वी झोपेच्या गोळ्यांचं होतं. हॉस्पिटलच्या औषधांच्या कपाटापर्यंत हात गेला तेव्हा ती घाबरून देवाकडे वळली, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, बाजारभाव सांगावा तितक्या सहज. एकीला मोबाईलवरच्या जुगाराचा नाद होता. एकीचा हात पोरांवर सुटायचा. नियम थोडेच. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही. सुरुवातीला प्रार्थना, शेवटी प्रार्थना, आणि मागणं फक्त आजच्या दिवसापुरतं. चहा नाही, बिस्किट नाही, नुसतं पाणी. जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या श्यामलाने समोश्याशिवाय जमलेले ख्रिस्ती लोक प्रथमच पाहिले.

तिथंसुद्धा तिने आधी थायरॉईडच सांगितला. सगळ्यांनी ऐकून घेतला. पुढच्या मंगळवारीही थायरॉईड, त्याच्या पुढच्याही. मग एकदा जुगारवाली सांगत होती की जुगारापेक्षा थापांनी जास्त दमायला होतं, काल काय सांगितलं ते आज लक्षात ठेवावं लागतं. श्यामला पदराशी चाळा करत ऐकत होती. एकदम म्हणाली, "मुझे थायरॉईड नहीं है. मैंने प्रभुभोज की रोटी खा ली."

मग जुगारवालीने विचारलं, "पूरी?"

"पूरी."

ती बाई हसली. कुचेष्टेने नाही, आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखी हसली. श्यामलालाही हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं ते थांबेना. आईच्या मातीला जाता आलं नाही म्हणून ती रडली, शेजारणीच्या केकसाठी रडली, खोट्या ओव्हनसाठी रडली. चारुशीलाने तिच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला आणि पुढच्या बाईला बोलायला सांगितलं.

यानंतर तिला जे करायला सांगितलं ते ऐकून मात्र तिचा पारा चढला. चारुशीला म्हणाली, "उपास बंद. तीनदा जेवायचं, टेबलावर बसून, ताटात वाढून. शक्य असेल तेव्हा कुणाच्या तरी समोर. आणि हात डब्याकडे गेला की आधी फोन करायचा, मग डबा. मुक्ताला यात आणायचं नाही. पोरीला आईचा पहारेकरी करायचं नसतं."

"उपास बंद?" श्यामला म्हणाली. "देवासाठी मी तेवढी एकच गोष्ट नीट करते गं."

"नीट करतेस म्हणूनच बंद."

घरी जाताना बसमध्ये ती चारुशीलावर धुसफुसत होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता तिने ताट वाढून घेतलं, दोन पोळ्या, आमटी, भाजी, आणि खुर्चीवर बसली. रिकाम्या घरात बसून जेवायचं म्हणजे तिला अवघडल्यासारखं झालं. पूर्वी ती देवाला म्हणायची, हे माझ्यातून काढून टाक. आता नुसतं म्हणायची, प्रभू, एवढं ताट होईपर्यंत इथं समोर बस. आणि खोटं वाटेल, पण समोरची खुर्ची तिला तितकीशी रिकामी वाटायची नाही. सगळं सुरळीत झालं असं मात्र कुणी समजू नये. कधी ती फोन न करताच डबा उघडायची आणि रिकामा करूनच ठेवायची. फरक इतकाच की मंगळवारी जाऊन ते सांगायची, आणि पलीकडच्या इमारतीच्या कचरापेटीपर्यंत जाणं बंद झालं होतं. काही महिन्यांत रक्तातली वाढलेली साखर उतरली. ब्लाउज मात्र त्याच मापाचे लागत होते.

वधस्तंभाच्या शुक्रवाराआधीचे चाळीस दिवस आले तेव्हा खरी परीक्षा झाली. राजाभाऊंनी रोज एकेकाने धरायच्या उपासाच्या साखळीची घोषणा केली आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "पहिला दिवस श्यामलाबाईंचा."

श्यामला जागेवर उभी राहिली. "मी या वर्षी उपास करणार नाही."

"तब्येत?"

"तब्येत बरी आहे. करणार नाही."

पुढच्या रांगेतल्या बाया एकदम मागं वळल्या. त्या दिवसापासून बोललं जाऊ लागलं की श्यामला विश्वासात थंड पडली. जोवर चोरून खात होती तोवर ती मंडळीची शान होती. नीट जेवायला लागली आणि बिचारीची पत गेली.

भाकर मात्र अजून तिच्याकडेच होती, आणि तेच तिला टोचत होतं. पहिल्या शुक्रवारी चारुशीला किंवा विजयकुमार घरी असेल अशा बेताने ती भाजायची, पण ओव्हनची थाप तशीच पोटात होती. मंगळवारच्या बैठकीत शेवटी हेच येतं, ज्याला फसवलं त्याला जाऊन सांगायचं. ती टाळत राहिली. सांगितलं की भाकर जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. चारुशीला म्हणाली, "ते माफ करतील न करतील, तो त्यांचा प्रश्न. तुझ्यापाशी लपवायला काही राहू नये, एवढंच."

तिने आधी विजयकुमारला सांगितलं, चहाच्या वेळी, भाकरीपासून ते कचरापेटीपर्यंत सगळं. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे मी माफी मागितली ती कशाबद्दल?" तिला हसू आलं. पण तो हसत नव्हता. "खजूर आणि खबूस लवकर संपतात हे मला दिसायचं, श्यामल. तुला कमी पडू नये म्हणून मी दोन-दोन पाकिटं जास्तीची आणायचो. मला वाटलं, एवढंच तुझ्यासाठी करता येतं." श्यामलाच्या काळजाला घरं पडली. त्याचा हात धरून ती तशीच बसून राहिली.

पुढच्या शुक्रवारी उपासनेनंतर बाजूच्या खोलीत, फिलिपिनो लोकांच्या गिटारी बाहेर वाजत असताना, तिने जयदीप आणि राजाभाऊंना सांगितलं. विजयकुमार शेजारी उभा होता. राजाभाऊंचा चेहरा लाल झाला.

"प्रभुभोजनाची भाकर? आणि वर ओव्हनची थाप? पास्टर, हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या. हा काय पोरखेळ आहे?"

"बरोबर आहे तुमचं," श्यामला म्हणाली. हे शब्द ती घरून पाठ करून आली होती.

जयदीपने पाळकाचं सोडून सेफ्टी ऑफिसरचं बोलायला सुरुवात केली. "राजाभाऊ, टाकीत उतरलेला माणूस गॅसने गरगरला, तर पुढच्या वेळी काय करतो आपण? त्याला कायमचं घरी बसवतो?"

"घरी कशाला? चूक त्याची नसते, टाकीची असते. तोंडावर होल वॉच बसवतो." मॅनहोलच्या बाहेर आतल्या माणसावर डोळा ठेवून बसणाऱ्याला तिकडे होल वॉच म्हणतात.

"आपण श्यामलाताईंना एकटं उतरवलं," जयदीप म्हणाला. "तेही उपाशी पोटी. भाकर त्यांच्याकडेच राहू दे. भाजताना कुणीतरी बसेल."

राजाभाऊ "हूं" म्हणाले आणि निघून गेले. त्याचा अर्थ हो की नाही, कुणालाच कळला नाही.

पुढचा पहिला शुक्रवार आला. विजयकुमारची शिफ्ट, चारुशीलाची ड्युटी अचानक बदललेली. चारुशीलाने सकाळी फोन केला, "पाळकांना सांगून कुणाला तरी पाठवते." श्यामलाने कणीक मळून ठेवली आणि वाट पाहत बसली. बेल वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टात राजाभाऊ.

"सलाम बाई. बाकी कुणाला सवड नव्हती," ते म्हणाले, आणि कुणाला विचारलं होतं ते सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलून त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात ठेवली, मोबाईल बंद करून फ्रिजवर ठेवला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"पाणी आणू?"

"होल वॉच जागा सोडत नाही, दुसरं काम करत नाही, खातपीत नाही. तुमचं चालू द्या."

मुक्ता खोलीतून डोकावली. "मम्मी, व्हाय इज अंकल सिटिंग देअर?"

"भाकर भाजतोय आम्ही," श्यामला म्हणाली. मुक्ता खांदे उडवून परत अभ्यासाला गेली.

श्यामलाला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. ज्या माणसाने हे काम काढून घ्या म्हटलं तो दारात, आणि त्याच्याकडे पाठ करून आपण कणकेला आकार देतोय. भाकर ओव्हनमध्ये गेली, वास सुटला, भाकर बाहेर आली. छान फुगली होती. आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. राजाभाऊंचा धाक वाटेल आणि खावंसं वाटणार नाही, असा तिचा अंदाज होता, झालं उलटं. लाज वाटत होती, म्हणून जास्तच खावंसं वाटत होतं. हे प्रकरण असंच चालतं, हे तिला आता ठाऊक होतं. ते बाथरूमला उठले तर? ओट्याची कड धरून ती उभी राहिली, समोर बसायला ज्याला रोज बोलवायची त्याला मनातल्या मनात हाक मारली, आणि वळली.

"राजाभाऊ, मला आत्ता ही भाकर खावीशी वाटतेय. सगळी."

राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी असं काही सांगितलं नसेल. वचनं त्यांना तोंडपाठ होती, रागवायलाही येत होतं, पण दोन्हीतलं काही तोंडातून निघेना. मग हाडीमासी खिळलेली कामावरची सवयच उपयोगी पडली. आतला माणूस हाक मारतो तेव्हा आपण आत उडी मारायची नसते, त्याला बाहेर ओढायचं असतं.

"बाहेर या," ते खुर्ची बाजूला सरकवत म्हणाले. "इकडे, हॉलमध्ये. बसा."

ती टेबलापाशी येऊन बसली.

"जेवलात?"

"अजून नाही. चारुशीला येणार होती, तिच्याबरोबर जेवायचं ठरलं होतं."

राजाभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या मोठ्या पंजांकडे. प्रभुभोजनाआधी त्यांनी कधी अन्नाला शिवलं नव्हतं. बायको हॉस्पिटलात होती तेव्हा नाही, साखर कमी होऊन चक्कर आली तेव्हाही नाही. मंडळीतली पोरं त्यांच्या उपासाचे दाखले ऐकत मोठी झाली होती.

"काय आहे स्वयंपाकाला?"

"बटाट्याची भाजी. पोळ्या आहेत. वरण."

"मी आणतो, तुम्ही आत जाऊ नका," ते म्हणाले. आत जाऊन त्यांनी कपाटं उघडझाप केली, एक डबा पाडला, आणि दोन ताटं वाढून आणली. एक तिच्यापुढं ठेवलं, एक स्वतःपुढं. खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटले.

"देवबापा, या अन्नाबद्दल आम्ही दोघं तुझे आभारी आहोत," ते म्हणाले. पुढं काहीतरी म्हणायचं होतं, ते जमलं नाही. "आमेन."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि खाल्ला. मग श्यामला पहिला घास घेईपर्यंत ते थांबून राहिले.